हाडांवरील खुणा ओळखताना या चुका टाळा

त्वचेखालून हाडांच्या खुणा चाचपताना बोटाला लागलेल्या पहिल्याच उंचवट्याला हवे ते नाव देऊन मोकळे होण्याची सवय नवख्यांमध्ये सर्रास आढळते. उंचवटा सापडणे सोपे असते. तो कोणत्या हाडाचा आहे हे मात्र हालचाल करवून किंवा शेजारची दुसरी खूण तपासूनच ठरवावे लागते.

मानेच्या बुडाशी सर्वांत ठळक दिसणारे टोक म्हणजे मानेचा सातवा मणका, असे गृहीत धरले जाते. काही व्यक्तींमध्ये मात्र सहावा, तर काहींमध्ये छातीचा पहिला मणका अधिक उठून दिसतो, आणि येथे एका मणक्याची चूक झाली की खालची संपूर्ण मोजणी चुकते. लगतच्या दोन टोकांवर बोटे ठेवून व्यक्तीला मान सावकाश मागे न्यायला सांगावे: सहाव्याचे टोक पुढे सरकून बोटाखालून निसटते, सातव्याचे बहुधा जागेवर राहते. ही चाचणीही अचूक नाही, म्हणून खालून वर मोजत येऊन ताळा पाहणे बरे. छातीच्या मधल्या मणक्यांची मागची टोके खाली झुकलेली असल्यामुळे बोटाखालचे टोक ज्या मणक्याचे असते, त्याचा मुख्य भाग त्या पातळीच्या वर असतो, हेही मोजताना विसरले जाते.

कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते. हाताने शोधताना मात्र ती बरेचदा वर धरली जाते, कारण कडेवरच्या मऊ भागाची जाडी बोटांना वरच थोपवते. बोटे आधी कंबरेच्या मऊ भागात आत दाबावीत आणि मग खाली सरकवून कडेवर टेकवावीत.

खांद्याच्या फऱ्याचे खालचे टोक छातीच्या सातव्या मणक्याच्या आसपास येते, हा नियम हात शरीरालगत सैल सोडलेले असतानाच लागू होतो. हात उचलताच फरा फिरतो आणि ते टोक बाहेर व वर सरकते. खांद्याच्या माथ्यावर ॲक्रोमियन (फऱ्याचे खांद्यावर येणारे टोक) आणि दंडाच्या हाडाचा मोठा उंचवटा यांत गोंधळ होतो. कोपर वाकवून हात आत-बाहेर फिरवावा, बोटाखाली फिरतो तो दंडाचा उंचवटा, स्थिर राहते ते ॲक्रोमियन. मांडीच्या हाडाचा बाहेरचा मोठा उंचवटाही पाय असाच आत-बाहेर फिरवून पक्का करता येतो.

बरगड्या मोजताना हाताला लागलेली पहिली बरगडी म्हणजे क्रमांक 1 असे मानू नये, कारण पहिली बरगडी गळपट्टीच्या हाडामागे दडलेली असते. छातीच्या हाडावर वरून खाली बोट नेताना जो आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसऱ्या बरगडीची कूर्चा (बरगडीला छातीच्या हाडाशी जोडणारा लवचिक भाग) जोडलेली असते; मोजणी तेथूनच सुरू करून तिरकस बाहेर जात खाली यावे, कारण छातीच्या हाडालगत खालच्या कूर्चा दाटीने असतात.

गुडघ्याच्या बाहेरील बाजूस फिब्युलाचे (पोटरीतील बाहेरच्या बारीक हाडाचे) डोके, म्हणजे वरचे टोक, शोधताना बोट फार वर आणि पुढे ठेवले जाते. ते सांध्याच्या रेषेच्या खाली, किंचित मागे असते. डोक्याखालच्या निमुळत्या भागाभोवती मज्जातंतू वळसा घेतो, त्यामुळे तेथे जोर लावल्यास पावलाकडे मुंग्या येतात.

मनगटावर करंगळीच्या बाजूचा गोल उंचवटा हे अल्नाचे (हाताच्या करंगळीकडील हाडाचे) डोके असते, त्याचे टोकेरी टोक नव्हे. घोट्याची बाहेरची गाठ आतल्या गाठीपेक्षा खाली आणि मागे असते. दोन्ही एका पातळीत असल्याचे गृहीत धरून मापे घेऊ नयेत.

सुट्या हाडांमध्ये डावे-उजवे ठरवण्याच्या चुका अधिक होतात, आणि त्याचे कारण बहुधा हाड उलटे धरणे हेच असते. दंडाच्या हाडाचे गोल डोके आत आणि कोपराकडील खोल खळगा मागे, एवढे आधी जुळवावे. गुडघ्याच्या वाटीसाठी सांध्याचा पृष्ठभाग मेजावर टेकवून टोक आपल्यापासून दूर ठेवावे. सांध्याच्या पृष्ठभागाचा बाहेरचा भाग मोठा असल्याने वाटी ज्या बाजूला कलते, त्याच बाजूची असते.