बेटावरचं भाड्याचं घर: खिडकीआधी चूल बघा, आणि या चुका टाळा

मोहरी तडतडली, लसूण टाकला, आणि अख्खं घर कर्कश ओरडायला लागलं. जिन्यात, बैठकीत, वरच्या बोळात, सगळीकडून एकच आवाज. नातू दचकून रडायला लागला. ह्यांनी खुर्ची ओढली आणि छतावरची पांढरी डबी काढायला हात घातला. लेक ओरडली, "बाबा, हात लावू नका त्याला!" खिडकीबाहेर लस्कंटायरच्या किनाऱ्याची पांढरी वाळू आणि निळंहिरवं पाणी होतं. त्या पाण्यासाठी कोल्हापूरहून इतक्या लांब आलो होतो, आणि पहिली संध्याकाळ अशी सुरू झाली.

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज म्हणून बेटांची रांग आहे. त्यातल्या हॅरिसवर आम्ही आठवडाभर घर घेऊन राहिलो. लेक ग्लासगोला असते, तिनंच ते ठरवलं होतं. अशा घराला तिकडं सेल्फ केटरिंग म्हणतात. घर सगळं आपल्या हवाली, आणि नाश्त्यापासून भांड्यांपर्यंत सगळं आपणच करायचं. परत आल्यापासून राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीतच तिघींनी विचारलं, "वहिनी, आम्ही पण पोरांकडं चाललोय, असं घर घेऊ का?" घ्याच, असं मी प्रत्येकीला सांगितलं. पण आपण घर पसंत करतो फोटोतल्या खिडकीवरून, आणि तिथले दिवस जातात चूल, पाणी आणि वीज यांच्या जोरावर. माझ्या बघण्यातल्या जवळपास सगळ्या चुका इथूनच सुरू झाल्या.

फोडणी आणि अलार्म

स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी 2022 पासून घराघरात एकमेकांना जोडलेले अलार्म सक्तीचे आहेत. बैठकीत आणि जिन्या-बोळात धुराचे, स्वयंपाकघरात उष्णतेचा. म्हणजे स्वयंपाकघरातल्या डबीला धुराशी देणंघेणं नाही, ती तापमान बघते. फोडणीचा धूर आत राहिला तर काही होत नाही. तो दारातून बोळात गेला की तिथला अलार्म वाजतो, आणि जोडलेले असल्यामुळं सगळे एकदम वाजतात. आमचं दार उघडं होतं, एवढंच कारण.

तेव्हा फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावा, चुलीवरचा पंखा सुरू करा, खिडकी उघडा. हल्ली बऱ्याच घरांत स्वयंपाकघर आणि बैठक एकच असते. तिथं तेल धुरावेपर्यंत तापवू नका. ठेच्यासाठी कोरड्या तव्यावर मिरच्या भाजण्याचा बेत तर सोडूनच द्या. मिरच्या थोड्या तेलात मंद आचेवर, झाकण ठेवून परता. चव पंधरा आणे येते.

वाजलाच तर बहुतेक डब्यांवर एक बटण असतं, ते दाबलं की काही मिनिटं शांतता मिळते. तेवढ्यात धूर बाहेर काढायचा. डबी उचकटायची नाही, सेल काढायचा नाही. रात्री घरात सगळे झोपलेले असतात आणि अग्निशमनची गाडी शहरातल्यासारखी पाच मिनिटांत येईल असं बेटावर धरून चालता येत नाही.

एक फरक मात्र मनात पक्का ठेवा. घरात लाकडाची किंवा पीटची शेगडी असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा अलार्म असतो. पीट म्हणजे तिथल्या दलदलीतून कापून वाळवलेली काळी माती, ती जळणाला वापरतात. हा अलार्म वाजला तर फोडणीला दोष देऊ नका आणि बटण दाबून गप्पही करू नका. दारंखिडक्या उघडून सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 999 ला फोन करा. या वायूला वास नसतो, रंग नसतो.

चूल पेटतच नाही

दुसऱ्या सकाळी चहा ठेवायला गेले तर चूल बंद. काच थंड, दिवा नाही. कुठलंही बटण दाबा, काही नाही. घरमालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "भिंतीवर बघा." चुलीच्या बाजूला, कमरेच्या वर, मोठं लाल बटण होतं. तिकडच्या घरांत विजेच्या चुलीला असा वेगळा मुख्य स्विच असतो. रात्री कुणीतरी आपल्या सवयीप्रमाणं सगळी बटणं बंद करत फिरलं होतं. हा स्विच सुरू असूनही चूल दाद देत नसेल, तर काचेवर किल्लीचं चिन्ह शोधा. ते मुलांसाठीचं कुलूप असतं. त्यावर काही सेकंद बोट धरून ठेवलं की उघडतं.

आणि भांडी! इंडक्शन असेल तर आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. आमच्या बरोबरच्या एका कुटुंबानं पाच लिटरचा कुकर कोल्हापुरातून उचलून नेला आणि तो आठवडाभर कपाटात राहिला. निघण्याआधी फ्रीजवरचं लोहचुंबक भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर चालेल. लोखंडी तवा चालतो, पण तो सपाट हवा. आपला मधे खोलगट तवा काचेवर नीट टेकत नाही. फुलका ज्वाळेवर फुगवायची सोय नाही, म्हणून कापडानं दाबून तव्यावरच फुगवायचा. भाकरीही तशीच जमते, पहिल्या दोन बिघडतात. काचेवर मात्र लाटणं पडू देऊ नका. तडा गेला तर भुर्दंड आपल्याला.

घर ठरवण्याआधी मालकाला एकच प्रश्न विचारायचा राहिला तरी हा विचारा: चूल कसली आहे, गॅस, साधी विजेची की इंडक्शन?

मोरी नसलेली न्हाणी

याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. तिकडच्या बाथरूमच्या फरशीला मोरी नसते. खाली बऱ्याचदा लाकडी फळ्या असतात. बादली भरून, तांब्यानं अंगावर पाणी घेऊन अंघोळ केली, तर ते पाणी खालच्या खोलीच्या छतातून उतरतं. सासूबाईंच्या वयाची माणसं बरोबर असतील, तर पहिल्याच दिवशी त्यांना नीट दाखवा की अंघोळ टबात किंवा काचेच्या कप्प्यातच करायची, दार लावून. शौचासाठी जेट नसतो. एक हलका प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका, भांडण मिटलं.

शॉवरला गरम पाणी येत नसेल तर छताकडं बघा. दोरी लोंबत असेल. ती एकदा ओढली की वर लाल दिवा लागतो आणि शॉवरला वीज मिळते. आमच्यातल्या दोघांनी या दोरीपायी थंड पाण्यानं अंघोळ केली, हॅरिसच्या थंडीत.

नळाचं पाणी फिक्या चहासारखं पिवळसर दिसलं तर लगेच घाबरू नका, पीटच्या जमिनीतून येणाऱ्या पाण्याला तो रंग असतो. पण घराला स्वतःचा झरा किंवा विहीर असेल, तर ते पिण्याजोगं शुद्ध केलेलं आहे का, हे मालकाला विचाराच.

आणि सांडपाणी. वस्तीपासून लांबच्या घरांना सेप्टिक टँक असते. तांबड्या रश्शाची तर्री सिंकमध्ये ओतली की ती थंड होऊन नळीत थिजते. भांडं आधी कागदानं पुसायचं, कागद कचऱ्यात टाकायचा, मग धुवायचं. चहाचा चोथा, भात, पुसायचे ओले कागद यांपैकी काहीही नळीत किंवा संडासात नाही. तुंबलं तर बेटावर प्लंबर मिळायला दोन दिवसही लागू शकतात, आणि आपला मुक्कामच सात दिवसांचा.

सामान: काय न्यायचं, कधी घ्यायचं

भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्यामुळं तूप, पेढे, खवा, पनीर घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही ठेवा. कांदा-लसूण चटणी मात्र न्या. ती कोरडी, घरची, दोन पिशव्यांत बंद करून वर डब्यात. बाकी तांदूळ, डाळी, पीठ ग्लासगोच्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. लक्ष्मीपुरीतून दहा किलो धान्य विमानानं नेण्यात अर्थ नाही. ग्लासगोत भरलेली गाडी बोटीत घालायची, हा सरळ मार्ग.

मटणाबद्दल सांगते, कारण कोल्हापूरकर विचारल्याशिवाय राहत नाही. तिथं मिळतं ते मेंढराचं. चरबी जास्त, वास वेगळा, आणि कोवळं असेल तर आपल्या बकऱ्याच्या मटणापेक्षा लवकर शिजतं. आपल्या वेळेनं शिट्ट्या केल्या तर रेशे सुटतात. आधी चरबी काढा, आलं-लसूण नेहमीपेक्षा जास्त लावा, अर्ध्या वेळातच एकदा उघडून बघा. पांढरा रस्सा मला तिथं फार छान जमला. खोबरं मात्र बरोबर नेलं होतं.

लुईस आणि हॅरिस हे खरं तर एकच बेट, दोन नावांचं, आणि तिथं रविवार कडक पाळतात. आपल्या गावाकडं वार पाळतात आणि त्या दिवशी कुणी औताला हात लावत नाही, तसंच. बहुतेक दुकानं बंद, पेट्रोल मिळणं अवघड. लुईसवरचं मुख्य गाव स्टॉर्नोवे, तिथून मुख्य भूमीला रविवारची बोटसुद्धा 2009 साली सुरू झाली. बरीच जुनी माणसं रविवारी दोरीवर कपडेही वाळत घालत नाहीत. आपणही त्या दिवशी अंगणात धुणं लावू नये, मोठ्यानं गाणी लावू नयेत. बहुतेक घरांत पाहुणे शनिवारी बदलतात, म्हणजे आपण शनिवारी संध्याकाळी पोचतो आणि दुसऱ्या दिवशी दूध मिळत नाही. दूध, ब्रेड, अंडी, पेट्रोल, सगळं शनिवारी दुपारपर्यंत.

घर ठरवताना

स्कॉटलंडमध्ये अशा घरांना परवाना लागतो, आणि जाहिरातीत परवाना क्रमांक द्यावा लागतो. तो नसेल आणि मालक परस्पर बँकेत पैसे भरा म्हणत असेल, तर तिथंच थांबा. परवान्यात किती माणसं राहू शकतात तेही ठरलेलं असतं. सहाचं घर घेऊन नऊजण गादी टाकून झोपू, हा आपला लग्नघरातला हिशोब तिथं चालत नाही. "सहा जण" यात बैठकीतला सोफाही धरलेला आहे का, हेही विचारून घ्या. चादरी आणि टॉवेल मिळणार का, वीज भाड्यात आहे की मीटर बघून वेगळी, हेही.

समुद्र दिसतो तिथं वारा असतोच. पंचगंगेच्या घाटावरचा वारा आठवून अंदाज बांधू नका. अटलांटिकवरून येणारा वारा गाडीचं दार हातातून हिसकावून उलटं वाकवतो. गाडी वाऱ्याकडं तोंड करून लावा, आणि दार उघडताना दुसऱ्या हातानं धरून ठेवा. वारा पडला की मिजेस येतात, चिलटांसारखे बारीक चावे किडे, साधारण मे ते सप्टेंबर. संध्याकाळी दिवा लावून खिडकी उघडी ठेवू नका.

कोल्हापूर साधारण 17 अंश उत्तरेला, हॅरिस 58 अंशांच्या जवळ. जूनअखेर सूर्य रात्री साडेदहाच्या सुमाराला मावळतो आणि पहाटे साडेचारच्या आतच उगवतो. जाड पडदे नसतील तर मुलं झोपत नाहीत. डिसेंबरात उलट, दुपारी पावणेचारच्या सुमारालाच सूर्य मावळतो. नाताळच्या सुट्टीत स्वस्त मिळालं म्हणून घर घेतलं, तर त्या खिडकीतून दिवसाचे सहा-सात तासच समुद्र दिसेल.

खोली गरम होत नाही ही तक्रार पण ऐकली. जुन्या घरांत स्टोरेज हीटर असतात. ते रात्री स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवतात आणि दिवसभर ऊब सोडतात. संध्याकाळी थंडी वाजली म्हणून बटण फिरवलं तर लगेच काही होणार नाही. आदल्या रात्रीच लावून ठेवायचा.

रस्ते एका गाडीच्या रुंदीचे. गगनबावड्याचा घाट चालवलेल्यांना भीती वाटणार नाही, पण नियम वेगळा आहे. मधेमधे बाजू द्यायला जागा असतात. ती जागा आपल्या डावीकडं असेल तर आत शिरा, उजवीकडं असेल तर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला तिच्यात शिरू द्या. फोटो काढायला तिथं गाडी उभी करू नका. भारतीय लायसन पाहुण्याला 12 महिने चालतं. एकाच पिनकोडात मैलभर विखुरलेली घरं असतात, म्हणून नकाशा भलत्याच दारात नेतो. मालकाकडून खुणा लिहून घ्या आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. रेंज जाते, पाट्या गेलिक भाषेत असतात.

रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या मुक्कामापेक्षा आठवडाभराच्या जास्त ठेवा. मोठं इस्पितळ स्टॉर्नोवेला आहे, हॅरिसहून तास-दीड तास.

परतीची बोट

मुख्य भूमीवरच्या उलापूलहून स्टॉर्नोवेला बोटीला अडीच-पावणेतीन तास लागतात, स्काय बेटावरच्या उइगहून हॅरिसच्या टार्बर्टला पावणेदोन तासांच्या आत. उन्हाळ्यात गाडीची जागा आधीच भरते. घर आधी, बोट नंतर, असं केलं तर घर हाती आणि गाडी किनाऱ्यावर राहते. दोन्हीचं आरक्षण एकाच दिवशी करा.

वाऱ्यानं बोट रद्द होते, उन्हाळ्यातसुद्धा. आमची झाली. सकाळी घर आवरून, चादरी काढून, किल्ली दारावरच्या छोट्या पेटीत टाकून निघालो होतो, आणि टार्बर्टच्या धक्क्यावर फलक लागला होता. लेकीनं सुदैवानं मुंबईचं विमान दोन दिवसांनंतरचं घेतलं होतं. आमच्या पुढं रांगेतल्या कुटुंबाचं विमान त्याच रात्री होतं. मालकीणबाईंना फोन केला, नवे पाहुणेही त्याच बोटीनं यायचे होते म्हणून घर रिकामंच होतं. त्यांनी किल्ली पुन्हा घ्यायला सांगितलं. दूध संपलं होतं, भात शिल्लक होता, चटणी होती. दार लावून, पंखा सुरू करून मी फोडणीचा भात केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बोट सुटली.