स्वभाव आणि विविधतेविषयीची वृत्ती : कोल्हापुरात पाहणी कशी करावी

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी हा विषय घेतल्यास नेमकी कोणती वृत्ती मोजायची, हे त्याने आधी ठरवावे. "आपल्याला विविधता आवडते का?" असे विचारल्यावर कोल्हापुरात बहुतेक जण होच म्हणतील, परंतु परप्रांतीय पाहुण्याला तांबडा-पांढरा आग्रहाने वाढणे आणि त्यालाच माडीवरची खोली भाड्याने देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाहणीचा खरा संबंध दुसरीशी आहे. म्हणून विधाने वागण्याविषयी असावीत: शिरोली एमआयडीसीतील बिहारी कामगाराला खोली देणे, कन्नडभाषक वरिष्ठाच्या हाताखाली काम करणे, मुलाने अन्य धर्माच्या मित्राकडे जेवणे. काही विधाने मुद्दाम उलट्या अर्थाची ठेवावीत आणि त्यांचे गुण उलटे मोजावेत, म्हणजे सरसकट 'सहमत'वर खूण करणारे उत्तरदाते लक्षात येतात.

स्वभावासाठी पंचघटक प्रारूपावर, म्हणजे स्वभावाचे वर्णन पाच मुख्य घटकांत करणाऱ्या मांडणीवर, आधारलेली प्रमाणित चाचणी वापरावी. पाचही घटक मोजले तरी विश्लेषणात अनुभवांविषयीचा खुलेपणा आणि सौजन्यशीलता यांकडे अधिक लक्ष द्यावे. सिब्ली आणि डकिट या मानसशास्त्रज्ञांनी 2008 मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा पूर्वग्रहाशी मुख्यतः याच दोहोंचा संबंध दिसला. कमी खुलेपणा रूढी आणि अधिकार यांना चिकटून राहण्याच्या वृत्तीतून, तर कमी सौजन्यशीलता आपला गट वरचढ राहावा या इच्छेतून पूर्वग्रहापर्यंत पोहोचते.

उत्तरदात्याचा इतर गटांतील लोकांशी किती संपर्क येतो, याची नोंद मात्र कधीही वगळू नये. संबंधितांचा दर्जा समान असेल, ध्येय एक असेल, सहकार्य घडत असेल आणि संस्थेचा पाठिंबा असेल, तर संपर्काने पूर्वग्रह कमी होतो, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडले. राजर्षी शाहूंनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, त्यामुळे या शहरात वसतिगृहांची परंपरा जुनी आहे; एकाच समाजाच्या वसतिगृहात राहणारा विद्यार्थी आणि मिश्र वसतिगृहातला विद्यार्थी स्वभावाने सारखे असले, तरी त्यांचा रोजचा संपर्क सारखा नसतो. तो नोंदवला नाही, तर संपर्काचा परिणाम स्वभावाच्या खात्यावर जमा होण्याचा धोका राहतो.

प्रश्नावलीवर नाव घेऊ नये. स्वभाव आणि वृत्ती यांचा सहसंबंध, म्हणजे ते एकमेकांसोबत किती प्रमाणात बदलतात हे दाखवणारा आकडा, माफक निघाला तर निराश होण्याचे कारण नाही. या विषयात तो बहुधा तसाच असतो. एकाच वेळच्या पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, म्हणून अहवालात 'स्वभावामुळे' असे न लिहिता 'स्वभावाशी संबंधित' असे लिहावे, आणि कमी गुण मिळवणाऱ्या कोणालाही संकुचित ठरवू नये.