आरसी कर्नलवर लॅपटॉपचा कॅमेरा चालेना? या चुका टाळा

कॅमेरा दिसेना म्हटलं की बहुतेक जण थेट ड्रायव्हर शोधायला धावतात. आरसी कर्नलवर, म्हणजे लिनक्स कर्नलची (हार्डवेअर हाताळणाऱ्या गाभ्याची) पक्की आवृत्ती निघायच्या आधी साधारण दर रविवारी येणाऱ्या चाचणी कर्नलवर, ही घाई हमखास अंगाशी येते. आजकालच्या अनेक पातळ इंटेल लॅपटॉपांत चित्र पडद्यावर यायला चार-पाच कर्नल मॉड्यूल (वेगळे लोड होणारे ड्रायव्हरचे तुकडे), एक-दोन फर्मवेअर फाइल आणि शिवाय युजरस्पेसमधली, म्हणजे कर्नलबाहेरची, एक लायब्ररी लागते. नक्की काय अडलंय ते न बघता काहीबाही इन्स्टॉल केलं, की जे चालत होतं तेही बंद पडतं. (कमांडची नावं खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.)

कॅमेरा कुठल्या जातीचा, हेच न पाहणं

आधी 'एलएसयूएसबी' चालवा. यादीत कॅमेरा दिसला तर तो साधा यूएसबी कॅमेरा आहे. त्याचा 'यूव्हीसीव्हिडिओ' हा ड्रायव्हर २.६.२६ पासून, म्हणजे २००८ पासून, कर्नलमध्येच आहे. वेगळं काही उतरवून घ्यायचं नाही. 'एलएसयूएसबी -टी' केल्यावर त्या उपकरणापुढे हे नाव आलं पाहिजे.

यूएसबीत काहीच नसेल तर 'एलएसपीसीआय' पाहा. ००:०५.० या पत्त्यावर इमेजिंग सिग्नल प्रोसेसर दिसला, तर कॅमेरा एमआयपीआय जातीचा, म्हणजे यूएसबीऐवजी थेट प्रोसेसरला जोडलेला, आहे आणि खरं काम आता सुरू होतं. इंटेलच्या टायगर लेक ते मीटिअर लेक या प्रोसेसर पिढ्यांत आयपीयू६ हा इमेजिंग प्रोसेसर असतो. त्याचा इनपुट भागाचा ड्रायव्हर ६.१० मध्ये, २०२४ साली, मुख्य कर्नलमध्ये आला. लूनर लेकमध्ये आयपीयू७ असतो. तो ६.१७ मध्ये आला, पण स्टेजिंगमध्ये, म्हणजे अजून कच्च्या ड्रायव्हरांच्या विभागात. त्यामुळे कॉन्फिगमध्ये (कर्नल बिल्डच्या पर्यायांच्या फाइलमध्ये) आधी स्टेजिंग आणि त्यातलं मीडिया चालू केल्याशिवाय तो पर्याय दिसतच नाही. लोड झाल्यावर 'दर्जा अज्ञात' अशी नोंद लॉगमध्ये येते. तिने घाबरू नका.

दोन्हीकडे काहीच नाही? मग बायोस उघडा, तिथे कॅमेरा बंद केलेला असू शकतो. काही मॉडेलांत कीबोर्डवरची कॅमेऱ्याची की तो यूएसबीवरून पार काढूनच टाकते. आयडियापॅडवर व्हीपीसी२००४ या प्लॅटफॉर्म उपकरणाखाली 'कॅमेरा_पॉवर' नावाची फाइल असते, तिच्यात ० असेल तर १ लिहा. आणि नोड (कॅमेऱ्याची 'डेव' डिरेक्टरीतली फाइल) आहे, अ‍ॅप चालतंय, पण चित्र काळंकुट्ट असेल, तर कर्नलला हात लावायच्या आधी लेन्सवरची सरकती झडप बघा.

सेन्सरचं नाव अंदाजाने धरणं

'माझ्या मित्राच्या त्याच मॉडेलमध्ये अमुक सेन्सर आहे' हा पुरावा नव्हे. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळे सेन्सर बसवलेले असतात, आणि बायोसच्या एसीपीआय तक्त्यात (कर्नलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या यादीत) बऱ्याचदा सगळ्यांची नावं लिहिलेली असतात. खरा कोणता ते 'सिस' फाइलप्रणालीत कळतं. एसीपीआय उपकरणांच्या डिरेक्टरीत प्रत्येक नावाखाली 'स्टेटस' फाइल असते. तिच्यात १५ असेल तो सेन्सर खरोखर बसवलेला. ० असेल तो फक्त कागदावरचा. ओव्हीटीआय०१ए० दिसला तर ड्रायव्हर ओव्ही०१ए१०, आयएनटी३४७४ दिसला तर ओव्ही२७४०, आयएनटी३५३७ दिसला तर एचआय५५६, ओव्हीटीआय०२सी१ दिसला तर ओव्ही०२सी१०. हा शेवटचा ६.१६ मध्ये आला. त्याआधीच्या कर्नलवर कितीही डोकं आपटलं तरी तो त्यात सापडायचा नाही.

जुनं कॉन्फिग आणून बिनधास्त बिल्ड करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि कारण तसं साधं असतं.

चालू डिस्ट्रोचं कॉन्फिग घेतलं, 'मेक ओल्डडेफकॉन्फिग' केलं, बिल्ड झालं, बूटही झालं. कॅमेरा मात्र नाही. कारण ही कमांड नव्या पर्यायांना त्यांचं डिफॉल्ट देते, आणि नव्या ड्रायव्हरांचं डिफॉल्ट बहुधा 'नाही' असतं. ज्या ड्रायव्हरसाठी आरसी घेतला तोच गळतो. आधी 'मेक लिस्टन्यूकॉन्फिग' चालवून नव्या पर्यायांची यादी वाचा आणि हवे ते मॉड्यूल म्हणून चालू करा.

'मेक लोकलमॉडकॉन्फिग' त्याहून घातक. बिल्ड लवकर व्हावं म्हणून लोक ती वापरतात. ती या क्षणी लोड असलेली मॉड्यूलं ठेवते आणि बाकी सगळी उडवते. कॅमेरा चालत नाहीये, म्हणजे त्याची मॉड्यूलं लोड नाहीत, म्हणजे ती गेली!

आयपीयू६साठी एवढं तपासा: आयपीयू६ ड्रायव्हर, आयपीयू ब्रिज (सेन्सर आयपीयूला जोडणारा), आयएनटी३४७२ (सेन्सरला वीज आणि क्लॉक देणारा), तुमच्या सेन्सरचा ड्रायव्हर, आणि सिस्टिम डीएमए हीप किंवा यूडीएमएबफ (चित्रासाठी मेमरी पुरवणारे). यातला ब्रिज विशेष फसवा. तो बंद असला तरी आयपीयू६ बिनतक्रार बिल्ड होतो आणि लोडही होतो, फक्त त्याला सेन्सर कधीच जोडला जात नाही. लॉगमध्ये एरर नाही, कॅमेराही नाही.

'एलएसयूएसबी'त ८०८६:०बी६३ असा आयडी दिसला, तर तुमच्या मशीनमध्ये सेन्सर आणि प्रोसेसर यांच्यामध्ये इंटेलची व्हिज्युअल सेन्सिंग चिपही आहे. डेलच्या एक्सपीएस १३ प्लस ९३२० मध्ये ती असते. मग एलजेसीएची (त्या चिपशी यूएसबीवरून बोलणाऱ्या पुलाची) यूएसबी, जीपीआयओ, आयटूसी आणि एसपीआय ही चारही मॉड्यूलं लागतात, शिवाय एमईआय व्हीएससी आणि आयव्हीएससी. यातलं एक जरी सुटलं तरी सेन्सर जागा होत नाही.

जाता जाता: 'मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल' करताना 'इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१' द्या. नाहीतर डीबग माहितीसकट इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी फाइल) इतकी फुगते की बूट पार्टिशन भरून जातं.

जुनी डीकेएमएस मॉड्यूलं तशीच ठेवणं

कधीकाळी बाहेरचे आयपीयू६ ड्रायव्हर डीकेएमएसने (बाहेरची मॉड्यूलं प्रत्येक कर्नलसाठी आपोआप बिल्ड करणाऱ्या साधनाने) बसवले असतील, तर ते 'अपडेट्स' डिरेक्टरीत जातात, आणि 'मॉडप्रोब' तिथली प्रत कर्नलच्या स्वतःच्या प्रतीआधी उचलतो. थोडं जुनं थोडं नवं अशी भेसळ झाली की 'अननोन सिम्बॉल' सुरू होतं. 'मॉडइन्फो -एन' आणि मॉड्यूलचं नाव दिलं की फाइल कुठून येते ते कळतं. मार्गात 'अपडेट्स' दिसलं तर ते पॅकेज काढा, 'डेपमॉड -ए' चालवा, रीबूट करा.

आरसीवर डीकेएमएस बिल्ड फुटणं तर ठरलेलंच. कर्नलचे आतले इंटरफेस स्थिर ठेवायचं वचन कुणी दिलेलंच नाही. ६.१२ मध्ये अनअलाइन्ड हेडर 'एएसएम'मधून 'लिनक्स' डिरेक्टरीत हलवला, तेवढ्यावर कितीतरी बाहेरची मॉड्यूलं अडली. मुख्य कर्नलमध्ये तुमचा सेन्सर आलेला असेल, तर बाहेरच्या ड्रायव्हरच्या फंदात पडूच नका.

सिक्युअर बूट विसरणं

'मोकयूटिल --एसबी-स्टेट' सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) चालू असल्याचं सांगत असेल आणि मॉड्यूल लोड करताना 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येत असेल, तर ड्रायव्हर निर्दोष आहे, सही नाही एवढंच. आपली मोक की (मशीनच्या मालकाची सहीची की) नोंदवून मॉड्यूलांवर सही करा, किंवा चाचणीपुरतं सिक्युअर बूट बंद ठेवा. उबुंटूचे तयार मेनलाइन कर्नल सही केलेले नसतात, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असताना ते बूटच होत नाहीत.

लॉगमधली चुकीची ओळ धरून बसणं

'डीमेसेज'मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, आयपीयू६ शोधा. 'फाउंड सपोर्टेड सेन्सर' आणि 'कनेक्टेड १ कॅमेराज' या दोन ओळी आल्या तर ब्रिजपर्यंत सगळं ठीक आहे. फर्मवेअर लोड होताना एरर -२ आली तर फाइलच सापडलेली नाही. अल्डर लेक आणि रॅप्टर लेकला आयपीयू६ईपी, मीटिअर लेकला आयपीयू६ईपीएमटीएल अशा नावाची फाइल लागते. दोन्ही लिनक्स-फर्मवेअरमध्ये आहेत, पण कर्नल आजचा आणि फर्मवेअर पॅकेज फार जुनं असं असेल तर नसतील.

एररच नाही आणि सेन्सरही नाही, तर डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतली) 'डिव्हाइसेस_डिफर्ड' फाइल रूट म्हणून वाचा. कोणतं उपकरण कशाची वाट बघत अडलंय ते तिच्यात असतं. सेन्सर तिथे दिसला तर त्याला क्लॉक किंवा रेग्युलेटर मिळालेला नाही, म्हणजे आयएनटी३४७२चं मॉड्यूल गायब आहे. ही फाइल फार कमी लोक उघडतात. सगळ्यात आधी हीच उघडायला हवी.

'व्हिडिओ०' उघडून कॅमेरा बिघडला म्हणणं

आयपीयू६ एका कॅमेऱ्यासाठी डझनावारी व्हिडिओ नोड तयार करतो. त्यातून कच्चा बेयर डेटा (सेन्सरचा, रंग न जुळवलेला) मिळतो, तो चीज किंवा झूमसारख्या अ‍ॅपना कळत नाही. रंग, एक्सपोजर वगैरे लिबकॅमेरा या लायब्ररीचा सॉफ्टवेअर आयएसपी (चित्रावर प्रक्रिया करणारा भाग) करतो, तो ०.३ आवृत्तीपासून आहे. म्हणून चाचणी 'कॅम -एल' ने करा. कॅमेरा यादीत आला की 'कॅम -सी १ --कॅप्चर=१०' ने दहा फ्रेम घ्या. डीएमए-बफ प्रोव्हायडर उघडता येत नाही असं आलं, तर हीच कमांड सूडोने चालवा. सूडोने चालली तर प्रश्न परवानगीचा. नाही चालली तर कॉन्फिगमधल्या डीएमए हीपकडे परत जा.

'सेन्सरची यामल फाइल सापडली नाही, अनकॅलिब्रेटेड वापरतोय' ही फक्त सूचना आहे. चित्र थोडं हिरवट आणि अंधुक येईल, सीपीयूही जास्त खाईल. ते सध्या चालवून घ्यायचं.

ब्राउझरसाठी पाइपवायरचा (अ‍ॅपना कॅमेरा आणि आवाज पुरवणाऱ्या सेवेचा) लिबकॅमेरा प्लगइन हवा. फायरफॉक्समध्ये 'मीडिया.वेबआरटीसी.कॅमेरा.अलाउ-पाइपवायर' खरं करा, क्रोममध्ये फ्लॅग्जमधून पाइपवायर कॅमेरा चालू करा.

यूएसबी कॅमेऱ्यांचं एवढंच: दोन नोड दिसतात, त्यातला दुसरा मेटाडेटाचा, त्यात चित्र नसतं. चित्र सुरू करताना 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं तर डिस्क साफ करू नका, यूएसबीची बँडविड्थ कमी पडतेय. 'यूव्हीसीव्हिडिओ'ला 'क्वर्क्स=१२८' देऊन बघा.

बायसेक्ट करताना कॉन्फिग वाहू देणं

मागच्या आवृत्तीत चालत होता आणि आरसी१ मध्ये बंद पडला, तर 'गिट बायसेक्ट', म्हणजे बदलांची यादी निम्मी-निम्मी करत दोषी बदल शोधणं, हाच खात्रीचा मार्ग. एका मर्ज विंडोत (आरसी१ आधी नवे बदल घेण्याच्या काळात) दहा-बारा हजार कमिट (नोंदवलेले बदल) येतात, म्हणजे साधारण १४ पायऱ्या. फक्त मीडिया ड्रायव्हरांच्या डिरेक्टरीपुरतं मर्यादित केलं तर पायऱ्या कमी होतात, पण दोष एसीपीआय, आयटूसी किंवा एक्स८६ प्लॅटफॉर्मच्या कोडमध्ये असला तर निकाल चुकीचा येतो. दोन तास जास्त गेले तरी सगळं झाड, म्हणजे कर्नलचा पूर्ण सोर्स, घ्या.

एक खाच मात्र लक्षात ठेवा. बायसेक्ट मागे-पुढे उड्या मारतो. मागच्या कमिटवर 'ओल्डडेफकॉन्फिग' केलं की तेव्हा नसलेले पर्याय फाइलमधून पुसले जातात, आणि पुढच्या कमिटवर ते 'नाही' होऊन परत येतात. कॅमेरा दिसत नाही, तुम्ही 'बॅड' नोंदवता, आणि शेवटी भलत्याच कमिटवर आळ येतो. म्हणून चालणारं कॉन्फिग झाडाबाहेर ठेवा, प्रत्येक पायरीला तिथूनच कॉपी करा, आणि 'गुड' किंवा 'बॅड' म्हणण्याआधी सेन्सरचं मॉड्यूल खरोखर बिल्ड झालंय का ते 'मॉडइन्फो'ने पाहा. झालं नसेल तर त्या पायरीला 'बायसेक्ट स्किप' द्या.