पोरं बोलत नाहीत? आधी आपल्या या चुका टाळा

आमच्या ओपीडीत दर सहा महिन्यांनी नवे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, येतात आणि जुन्याच चुका नव्याने होतात.

आईला बाहेर न बसवणं, ही पहिली. "काय होतंय?" विचारलं की उत्तर आईच देते, "मोबाईल, दुसरं काय!" पोरगी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत बसते. मी आधी आईचं ऐकून घेते, मग म्हणते, "ताई, जरा बाहेर बसा. आम्ही सगळ्याच पालकांना बसवतो." हे दुसरं वाक्य गाळू नका. नाहीतर आईला वाटतं, पोरीने काहीतरी दिवे लावलेत.

माझी खरी चिडचिड मात्र "मी कुणालाही सांगणार नाही" या वाक्यावर. मीही ते एकदा बोललेय. भांडुपचा १४ वर्षांचा मुलगा, पोटदुखीसाठी तिसऱ्यांदा आलेला, सगळे रिपोर्ट नॉर्मल. बाहेर रांग होती, त्याला पटकन बोलतं करायला मी शब्द देऊन बसले. हुडीची दोरी बोटाला गुंडाळत त्याने क्लासच्या सरांबद्दल सांगितलं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हे पोलिसांना कळवणं बंधनकारक, डॉक्टरलाही सूट नाही. कळवलं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

आता पोरगं समोर बसल्याबसल्या सांगते, "तू बोलशील ते आपल्यातच राहील. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा तुला कुणी त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल. कुणाला सांगतेय, ते आधी तुला कळेल." रेसिडेंट म्हणतात, मग पोरं गप्प बसतील. बसतात थोडा वेळ. बसू देत.

घर, शाळा, मित्र, नशा अशी प्रश्नांची सरबत्ती नको. मी "फास्ट लोकलने आलास की स्लोने?" इथून सुरू करते. "ब्रो" तर म्हणूच नका. आणि दहावीचं वर्ष आहे, हे त्यांना बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही ऐकवलं जातं, तुम्ही तरी ऐकवू नका.

आत्महत्येबद्दल विचारलं की डोक्यात कल्पना शिरते, हा समज खोटा आहे. पण "तसले विचार येत नाहीत ना?" असं विचारलंत तर "नाही" हेच ऐकाल, उत्तर तुम्हीच पुरवलंत. "मरून जावंसं वाटतं का?" असं सरळ विचारा. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. चिठ्ठी देऊन मानसोपचार विभागात पिटाळू नका, सोबत चालत जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. तो मी आई आणि मुलगा, दोघांच्या मोबाईलमध्ये समोर बसून सेव्ह करायला लावते. कागदावर लिहिलेला नंबर केसपेपरसोबत पिशवीत जातो आणि पुढच्या ओपीडीलाच बाहेर येतो.