झिरो माइलचे घोडे, आणि ऊन सगळ्यात शेवटी

वॉटरकलरमध्ये उजेडाची जागा आधीपासून कोरी राखावी लागते. पेंट मार्करचं, म्हणजे घट्ट रंग भरलेल्या पेनाचं, उलटं आहे. त्याचा रंग खालचं झाकून टाकतो, म्हणून ऊन शेवटी टाकता येतं. नागपुरात फिरून चित्रं काढताना हे उमगेपर्यंत मी दोन वह्या वाया घालवल्या.

कागद विकत घेऊ नका. नव्या शर्टाच्या घडीत जो भुरा पुठ्ठा असतो, तो वहीच्या आकाराचा कापून घ्या. पहिला हात तो पिऊन टाकतो, दुसरा छान बसतो. मार्कर पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिकचेच घ्या. तेलवाल्यांचा वास डोक्यात जातो. काळा, पांढरा, गेरू, फिकट पिवळा, निळा, गडद हिरवा आणि राखाडी, इतके पुरे. टोकं दोन ठेवा: एक मिलिमीटरच्या आसपासचं आणि अडीचचं. सोबत चिंधी, पाण्याची बाटली, टोपी.

सकाळी आठच्या आत झिरो माइलला पोचा. डिसेंबरात मात्र अधिवेशन सुरू असेल तर तिकडे फिरकू नका. विधानभवन जवळच आहे, बंदोबस्तात कोण बसू देणार? इंग्रजांच्या मोजणीचा हा वालुकाश्माचा खांब, शेजारी चार घोडे. चांदा, जबलपूर, हैदराबाद किती मैल, ते खांबावर कोरलंय. ती अक्षरं काढायच्या भानगडीत पडू नका, चार-पाच आडव्या रेघा पुरतात.

मार्कर टोपण लावूनच हलवा, आतली गोळी खडखडली पाहिजे. मग टोक रद्दी कागदावर दाबून रंग उतरवा, चित्रावर कधीच नाही. उन्हात तापलेल्या मार्करमधला रंग बाहेर यायला टपलेलाच असतो. माझ्या एका घोड्याच्या तोंडावर असा टपोरा थेंब पडला होता. मी घाईने पुसायला गेले आणि अख्खा घोडा काळा केला. पुसू नका. वाळू द्या, मग वरून आजूबाजूचा रंग चढवा.

आधी राखाडीने सावल्या भरा. खांब जवळजवळ कोराच सोडा, पुठ्ठ्याचा रंग दगडाचं काम करतो. मग झाडं, मग आभाळ. प्रत्येक थर वाळू द्या. ओल्यावर घासलं की पुठ्ठ्याचे तंतू निघतात आणि टोकात अडकतात. शेवटी उन्हाची कड: गडद रंगावर पिवळा थेट टाकला तर मळकट दिसतो, म्हणून आधी पांढरा, तो वाळला की पिवळा. घोड्याच्या पाठीवर ही एक रेघ आली की घोडा उभा राहतो.

मागे चहावाला डोकावतोच. "ताई, घोडे चार आहेत ना जी, तुमी तर तीनच काढून राहिल्या!" चौथा खांबाआड आहे म्हटलं तर त्याला पटेना. शेवटी एक शेपटी काढून दिली.

दहानंतर ऊन डोळ्यांत जातं. सरळ तर्री पोहे खा. (तर्री पुठ्ठ्यापासून लांब. तो डाग पांढऱ्या मार्करच्या दोन हातांनीही झाकला जात नाही, मी करून पाहिलंय.) दुपारी महाल या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत सावली मिळते. जुन्या वाड्याचं एखादं दारच काढा, अख्खा वाडा नको. दाराशी कोणी बसलं असेल तर आधी विचारा. मला तर बसायला पाटही मिळालाय.

संध्याकाळी फुटाळा तलाव. इथे हात चालवावा लागतो, उजेड पाहता पाहता जातो. आधी काठची झाडं एकसंध काळी करा आणि पाण्यावरची चमक पांढऱ्याच्या तुटक आडव्या रेघांनी, हात न थांबवता, एका दमात टाका.

निघताना पुठ्ठ्यांमध्ये बटर पेपर घाला. गाडीच्या डिकीत गरम झालं की वाळलेले रंगही एकमेकांना चिकटतात. टोकं चिंधीवर पुसून मार्कर आडवे ठेवा. पांढऱ्याचं टोक काळवंडलं असेल तर चिंधीवर स्वच्छ पांढरं उमटेपर्यंत घासा, नाहीतर पुढच्या शनिवारी घोड्यावर राखाडी ऊन पडेल.