आजोबांना घेऊन सुट्टीला निघण्याआधी

बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं एक काम आत्ता उठून करा. तुमच्याकडे परदेशी राहायला आलेल्या आईवडिलांच्या प्रत्येक गोळीचं जेनेरिक नाव, किती मिलिग्रॅम आणि दिवसातून कधी, हे एका कागदावर लिहा. ब्रँडचं नाव नाही, जेनेरिक नाव, म्हणजे आतल्या औषधाचं स्वतःचं नाव. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत असतं ते.

गेल्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले. मुलांना सुट्टी लागल्यावर पाच दिवसांसाठी एका तळ्याकाठी घर घेतलं होतं. गाडीत रेनकोट होते, चार्जर होते, बाबांची काठी होती. गोळ्यांचा डबा फ्रिजवर राहिला. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझा डबा कुठल्या पिशवीत ठेवलास गं?" घर चारशे किलोमीटर मागे होतं. सकाळी औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंना मदत करायची होती, पण मी सांगत होते ते ब्रँडचं नाव त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कुठेच नव्हतं. मग मी "छोटी पांढरी, सकाळची" असं सांगायला लागले. भारतात बाबांच्या शेजारच्या काकूंकडे त्यांच्या घराची किल्ली होती. त्यांनी धावतपळत जाऊन कपाटातून एक जुनी पट्टी शोधली आणि फोटो पाठवला. पट्टी कापलेली. नावाची शेवटची अक्षरं तेवढी शिल्लक होती: ओलॉल. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, सगळ्यांचा शेवट तोच. दुकानातल्या बाई म्हणाल्या, अंदाजाने देता येणार नाही. बरोबरच होतं त्यांचं. आम्ही इमर्जन्सीत गेलो, पाच तास बसलो. बाबांची नाडी वेगाने चालली होती आणि ते मला सारखं सांगत होते, "तू मुलांना घेऊन फिरून ये, माझ्यामुळे त्यांची सुट्टी नको जायला." चूक माझी आणि अपराधी वाटत होतं त्यांना. ते मला अजून विसरता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तर कागद. औषधाचं जेनेरिक नाव सगळ्या जगात जवळजवळ एकच असावं यासाठी जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून अशा नावांच्या याद्या काढते आहे. एका कुळातल्या औषधांच्या नावांचा शेवट सारखा असतो तो त्यामुळेच. ओलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी खाली ठेवणारं औषध), सार्टन आणि प्रिल बीपीची, स्टॅटिन कोलेस्टेरॉलची, ग्लिप्टिन मधुमेहाची. ब्रँडचं नाव मात्र कंपनी ठेवते आणि सीमा ओलांडली की बऱ्याचदा त्याचा काही उपयोग राहत नाही. जेनेरिक नावातही थोडे अपवाद आहेत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत असिटामिनोफेन होतं, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होतं.

नाव पूर्ण लिहा, शेपटासकट. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट एक नव्हे. पहिलं दिवसभर हळूहळू सुटतं, दुसरं लवकर उतरतं म्हणून सहसा दोनदा घ्यावं लागतं. एक्सएल, एसआर, ईआर अशी जी अक्षरं नावापुढे असतात (औषध हळूहळू सुटतं याची ती खूण) तीही उतरवा. आपल्याकडे एस-ॲम्लोडिपिन २.५ मिलिग्रॅम खूप लोक घेतात. त्याचं काम साधारण साध्या ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमइतकं असतं. 'एस' लिहायचं राहिलं तर समोरचा डॉक्टर निम्मा डोस देईल. शिवाय आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, तशी गोळी परदेशात मिळेलच असं नाही. म्हणून आत काय काय आहे आणि किती, ते सुटं सुटं लिहा. हे सगळं पट्टी हातात धरून करा, आठवणीतून नको. आणि पट्टी कापायची सवय आजपासून बंद. कापायचीच असेल तर नाव आणि तारीख असलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या.

कागदाच्या तीन प्रती: एक त्यांच्या खिशात, एक तुमच्या पाकिटात, एक गाडीत. फोनमध्ये फोटो हवाच, पण फोनवर भिस्त नको. डॉक्टरांची इंग्रजीतली टाइप केलेली चिठ्ठी ते भारतातून निघण्याआधीच मागवून घ्या, त्यात आजारांची नावंही हवीत. हाताने लिहिलेली चिठ्ठी आम्हालाच वाचता येत नव्हती, परदेशातल्या डॉक्टरांना कुठून येणार.

आता आईवडील भारतातून निघतानाच्या गोष्टी. गोळ्या हातातल्या बॅगेत, कधीही चेक-इनच्या सामानात नाही. इन्सुलिन असेल तर दुहेरी कारण आहे, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलं की निकामी. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्यावर अनेक देशांत कडक नियम आहेत. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीन आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या गोळ्याही, त्यात स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असेल तर, चालत नाहीत. मधल्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडणार असाल तर त्या देशाचाही नियम बघा. किती दिवसांच्या गोळ्या आणता येतात त्यालाही मर्यादा असते, ती ज्या देशात यायचं त्या देशाच्या संकेतस्थळावर तपासा, ओळखीच्यांना विचारून नाही.

व्हीलचेअर नक्की मागा. "मी काय म्हातारा झालोय का" असं ते म्हणतील, तरी मागा. सहसा निदान ४८ तास आधी सांगावं लागतं. विमान कंपन्यांकडे या मदतीचे तीन प्रकार असतात: डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, फक्त लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिनाही नको, डब्ल्यूसीएचसी म्हणजे थेट सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं. चुकीचा प्रकार लिहिला गेला तर ऐनवेळी विमानाच्या शिडीखाली उभं राहून वाद घालावा लागतो. बाबांना फॉर्म भरायला एकटं सोडू नका, तिथेच त्यांचा हात थांबतो.

व्हिसा. सुट्टीत सीमा ओलांडणार असाल तर त्यांच्या पासपोर्टवरचा व्हिसा उघडा आणि एंट्री किती आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सिंगल एंट्री असेल आणि तुम्ही दोन दिवसांसाठी बाहेर गेलात, तर सहसा ते परत आत येऊ शकत नाहीत. युरोपात शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट, आणि युरोपियन युनियन एक नव्हे: स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेनमध्ये कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा दिवसही त्यात धरतात. तुमच्याकडे तिथला राहण्याचा परवाना आहे म्हणून तुम्ही बिनधास्त फिरता, त्यांचं तसं नाही. हे मुलांच्याही लक्षात येत नाही आणि आपल्याही.

विम्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे लोक फक्त रक्कम बघतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं, ते सगळेच घेतात. बघायचं आहे ते आधीपासूनच्या आजारांचं कलम. बीपी, मधुमेह, हृदय यांच्यामुळे झालेला खर्च बहुतेक पॉलिसींमध्ये वगळलेला असतो किंवा जिवावर बेतलं तरच थोडाफार मिळतो. वयाच्या ठरावीक टप्प्यानंतर रक्कमही कमी होत जाते. आजार लपवून स्वस्त पॉलिसी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, क्लेम तिथेच नाकारला जातो. सुट्टीचा देश पॉलिसीत आहे का तेही पाहा. पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन त्याच कागदावर लिहा, गोळ्यांच्या नावांखाली. तो कागद केला ना? नसेल तर पुढे वाचू नका, आधी तो करा.

तारीख ठरवताना पहिला आठवडा सोडा. घड्याळात जितक्या तासांचा फरक, साधारण तितके दिवस शरीराला जुळवून घ्यायला लागतात, आणि म्हाताऱ्या माणसाला थोडे जास्तच. जागा निवडताना उंची बघा. आल्प्समधलं युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, तिथे रेल्वे थेट वर नेते आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर अशा ठिकाणाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. त्यांनी नको म्हटलं तर खालच्या टप्प्यावर बाबांबरोबर एकाने बसायचं आणि बाकीच्यांनी वर जायचं, हे घरूनच ठरवा. तिकीटखिडकीसमोर ठरवायला गेलात तर ते आपोआप "मी थांबतो, तुम्ही जा" म्हणतात आणि दोन तास एकटे बाकावर बसून राहतात.

राहण्याची जागा बुक करताना लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा. मजल्याचा आकडा फसवतो: अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे जमिनीलगतचा, युरोपात म्हणजे एक जिना वर. न्हाणीघराचा फोटो मागा. टबमध्ये पाय उचलून जावं लागणार असेल तर दुसरी जागा बघा, नाहीतर न घसरणारी मॅट आणि प्लास्टिकचं स्टूल बरोबर घ्या. रात्रीसाठी प्लगमध्ये लावायचा छोटा दिवा घ्या, अनोळखी घरात अंधारात उठताना माणसं पडतात.

आता त्यांच्याशी बोलणं. "तुम्हाला काय बघायचंय?" या प्रश्नाला "मला काही नको, मुलांना आवडेल ते करा" हेच उत्तर येणार. त्यावर विश्वास ठेवून कार्यक्रम आखू नका. नेमकं विचारा: सकाळी किती वाजता बाहेर पडायला बरं वाटतं, सलग किती चालता येतं, दुपारी आडवं व्हायचंय का. बाबांना दुपारी तासभर झोप लागते हे मला तीस वर्षं माहीत होतं, तरी मी पहिल्या दोन दिवसांत दुपारच्याच बोटी ठरवल्या होत्या. एक दिवसाआड काहीही न ठरवलेला दिवस ठेवा. मुलांनाही तो लागतो.

आणि बाथरूमचं विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत, मुलीला तर नाहीच. वाटेत थांबावं लागू नये म्हणून पाणीच कमी पितात, मग चक्कर येते, आणि आपण उन्हाला दोष देतो. सकाळी पाण्याची गोळी, म्हणजे लघवी जास्त होण्याची, घेत असतील तर नंतरचे काही तास स्वच्छतागृह जवळ हवं. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे-मागे करता येते का हे डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. आमच्याकडे शेवटी माझ्या मोठ्या मुलाने मार्ग काढला. तो दर थांब्यावर "आजोबा, मला जायचंय, माझ्याबरोबर चला" म्हणायचा. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही.

गाडीच्या प्रवासात दर दोन तासांनी थांबून त्यांना पाच मिनिटं चालायला लावा, पायांत रक्त साकळू नये म्हणून. पुढची सीट त्यांची. सामान भरताना गोळ्यांचा डबा सामानात जात नाही, तो त्यांच्या किंवा तुमच्या अंगावरच्या पिशवीत जातो. ठरलेल्यापेक्षा तीन दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या, निम्म्या दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेत. बीटा ब्लॉकर एकदम बंद झालं तर नाडी आणि बीपी उसळी घेऊ शकतात, हृदयाचा आजार असलेल्याला ते धोक्याचं आहे. "एक दिवस नाही घेतली तर काय होतंय" हे वाक्य आमच्या गाडीत कुणी तरी म्हटलं होतं आणि मी ते ऐकून घेतलं होतं. तुम्ही घेऊ नका. चुकलेला डोस भरून काढायला दोन एकदमही देऊ नका.

तिथे पोचल्यावर त्यांच्या खिशात एक कार्ड: नाव, राहण्याचा पत्ता स्थानिक भाषेत, तुमचा नंबर, त्यांना येणाऱ्या भाषा. आपत्कालीन नंबर युरोपात ११२, अमेरिका-कॅनडात ९११. जवळचं औषधांचं दुकान रविवारी उघडं असतं का ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. जास्तीचा चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या. स्वेटर.

परतीला तेच सगळं उलट. खोली सोडताना बाथरूमचं कपाट, उशीखाली, फ्रिजचा दरवाजा.

आणि घरून निघताना, सगळे गाडीत बसल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी मोठ्याने विचारा: डबा कुणाकडे आहे? "घेतलाय" हे उत्तर चालणार नाही. हात वर करून दाखवू द्या. कागद दाखवू द्या. मग निघा.