बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह: गॅरेजमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

इंदूरमध्ये मोटार मेकॅनिकचे काम शिकायला आलेल्या मुलाच्या हाती पहिल्या काही दिवसांतच दहा नंबरचा पाना येतो आणि गाडीची बॅटरी सोडवायला सांगितले जाते. उस्ताद ‘पहले माइनस खोल’ एवढेच सांगतात. मुलगा क्रम पाठ करतो, पण त्यामागचे कारण त्याला क्वचितच सांगितले जाते, आणि कारण ठाऊक नसले की घाईच्या वेळी क्रम चुकतो. म्हणून येथे कारणापासूनच सुरुवात करतो.

आजच्या जवळजवळ सर्व गाड्यांत बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडलेले असते, म्हणजे बॉनेटखालचा उघडा पत्रा हे एक प्रकारे निगेटिव्ह टोकच असते. अशा स्थितीत आधी पॉझिटिव्हचा नट सैल करायला घेतला आणि पान्याचे दुसरे टोक पत्र्याला टेकले, तर पान्यातूनच शॉर्ट सर्किट होते. बॅटरी 12 व्होल्टची असल्याने शॉक बसत नाही आणि त्यामुळे नवीन माणूस निर्धास्त राहतो. परंतु वाटेत अडथळा जवळपास नसल्याने शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहतो, ठिणग्या उडतात, पाना लालबुंद होऊ शकतो. निगेटिव्ह आधी काढताना मात्र पाना पत्र्याला लागला तरी काहीच घडत नाही, आणि ती केबल बाजूला झाल्यावर पॉझिटिव्ह सोडवतानाही सर्किट पुरे होत नाही. जोडताना अर्थातच उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काम सुरू करण्यापूर्वीच काढून ठेवावे. आपल्याकडे अंगठी उतरवायला मन तयार होत नाही हे मी जाणतो, पण पाना आणि पत्रा यांच्यामध्ये अंगठी सापडली तर ती क्षणात तापते आणि बोट खोलवर भाजते.

इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढू नये. अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, व्होल्टेज एकदम चढून गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. इग्निशन बंद करून, किल्ली काढून काही मिनिटे थांबावे. बॅटरी डिकीत असेल आणि डिकीचे लॉक विजेवर चालत असेल, तर डिकी उघडीच ठेवावी. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो हवेत सुमारे 4 टक्के झाला तरी ठिणगीने पेटू शकतो, म्हणून चार्जरचे चिमटे काढण्यापूर्वी चार्जरचा स्विच बंद करावा आणि जागा मोकळ्या हवेची असावी.

जुन्या बॅटरीच्या टर्मिनलवर, म्हणजे टोकांवर, पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमते आणि केबलचा त्यावर आवळलेला क्लॅम्प हलता हलत नाही. अशा वेळी हातोडी मारण्याचा मोह टाळावा. टर्मिनल मऊ शिशाचे असते. ठोक्याने ते मुळाशी ढिले होते आणि कडेने ॲसिड झिरपू लागते. नट पूर्ण सैल करावा, क्लॅम्पचे तोंड पेचकसाने हलकेच फाकवावे आणि क्लॅम्प हाताने थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे फिरवत वर घ्यावा. पूड खाण्याचा सोडा मिसळलेल्या पाण्याने ब्रश लावून धुवावी, मात्र ते पाणी सेलच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच. ॲसिड डोळ्यांत गेले तर लगेच भरपूर पाण्याने सतत धुवून डॉक्टरांकडे जावे.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या केबल दिसल्या, तर त्यांना हात लावू नये. त्या उच्च दाबाच्या असतात आणि त्यांचे प्रशिक्षण वेगळे असते.

बॅटरी पुन्हा जोडल्यावर घड्याळ लावावे आणि काचा पूर्ण वर-खाली करून पाहाव्यात. काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो, तेव्हा तो मालकाकडून आधीच विचारून घेतलेला बरा. निकामी बॅटरी भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. तिच्यात शिसे आणि ॲसिड असते, म्हणून ती उभीच ठेवून विक्रेत्याकडे परत द्यावी.